शुद्ध पक्षात सगळं ठीक होतं

मी नववी नापास नाही, नववी अर्धवट आहे. मला स्वतःला हा फरक फार मोठा वाटतो, पण नोकरीच्या अर्जात त्याच्यासाठी वेगळा रकाना नसतो. ग्वाल्हेरला जयेंद्रगंजातल्या ज्या ऑफिसात मला काम मिळालं, तिथल्या मालकांनी माझा अर्ज पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, मराठी टायपिंग येतं का. येतं म्हटलं. लातूरकडे आमच्या तालुक्याच्या गावी कचेरीसमोरच्या दुकानात मी सहा वर्षं लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं बडवली होती. मग विचारलं, जुनं, हाताने लिहिलेलं मराठी वाचता येतं का. तेही येतं म्हटलं. एवढ्यावर त्यांनी मला घेतलं. तीन महिने तात्पुरतं. तीन महिन्यांनी गुढीपाडवा होता आणि त्या दिवशी त्यांचं नवं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. ठेवायचं की कसं, ते तेव्हा ठरवू म्हणाले.

त्या ‘की कसं’मध्ये आमचं घर अडकलं होतं. नवरा मालनपूरच्या एका कारखान्यात लागला म्हणून आम्ही इतक्या लांब आलो, माधवगंजात एक खोली घेतली, मुलीला शाळेत घातलं. माझं काम टिकलं तर खोली टिकणार होती. नाहीतर मी आणि मुलगी परत गावी सासूबाईंकडे, आणि नवरा इथे चौघांच्या खोलीत पाचवा. रोज सकाळी ऑफिसचा जिना चढताना मी पाडव्याला किती दिवस उरले ते मोजायचे.

मालक साठीच्या पुढचे. पूर्वज दक्षिणेतून इथल्या दरबारात पुरोहित म्हणून आलेले. आता घरात डॉक्टर, वकील आणि एक हे, कॉलेजात कम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. त्यांचं मराठी ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं की हे आपली थट्टा करतायत. ‘फिक्र नका करू, हळूहळू सगळं समजून येईल’ असं म्हणायचे. आता माझी मुलगी तसंच बोलते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

सॉफ्टवेअर होतं श्राद्धाच्या तिथ्यांचं. इथल्या मराठी घरांतली मुलं आता नोएडाला, बंगळुरूला आणि त्याच्याही पलीकडे. आजोबा कोणत्या तिथीला गेले हे त्यांना ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं गुरुजींना. गुरुजी ऐंशीच्या घरात, आणि त्यांच्या कपाटात सात जाड वह्या: प्रत्येक घराचं वेगळं पान, त्यावर कोण कोणत्या तिथीला गेलं त्याची नोंद. हे सगळं फोनवर आणायचं असं काकांनी ठरवलं. तिथी एकदा भरली की फोन दरवर्षी पंधरा दिवस आधी सांगणार, अमुक तारखेला तमुक यांचं श्राद्ध आहे. गुरुजींच्या आठवणीवर किती दिवस राहायचं, असं काकांचं म्हणणं. गुरुजींना स्वतःला याची गरज वाटत नव्हती. त्यांना सातही वह्या पाठ होत्या.

मी त्या वह्या टाइप केल्या. दीड महिन्यात संपवल्या, आणि तात्पुरत्या माणसाने काम लवकर संपवणं हा किती मोठा मूर्खपणा आहे ते मला त्या दिवशी कळलं. पुढचे दोन दिवस मी रिकामा कीबोर्ड पुसत बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस बंद करताना काकांनी मला पाहिलं. मी कुलूप लावते, ओढून बघते, चार पायऱ्या उतरते, परत वर जाऊन ओढून बघते. घरी गॅसच्या बटणाचंही तेच. आमच्या गावाकडे याला घाबरटपणा म्हणतात. काका म्हणाले, हेच तर पाहिजे, उद्यापासून टेस्टिंगला बसा.

टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम कुठे बिघडतं ते शोधायचं आणि सापडलं की अदबीने त्याला सांगायचं. हा दुसरा म्हणजे आमचा इंजिनियर. सव्वीस वर्षांचा, नया बाजारात राहणारा, घराणं एकेकाळी फौजेतलं. इंदूरला टेस्टिंगचा कोर्स करून आलेला. वाक्य मराठीत सुरू करायचा आणि मधेच हिंदीत उतरायचा, जसं कोणी चालत्या रिक्षातून आपलं घर आलं म्हणून उतरतं. भिंतीवर त्याने एक मोठा पांढरा कागद लावला होता. प्रत्येक तपासणीला एक चौकोन. पास झाली की हिरवा ठिपका चिकटवायचा, नापास झाली की लाल. लाल लावायची पाळी आली की तो म्हणायचा, ताई, दोन मिनिट रुको. मग दुरुस्ती करायचा, मला परत तपासायला आणि मग हिरवा चिकटवायला लावायचा. लाल ठिपक्यांचं पाकीट आम्ही पाडव्यापर्यंत फोडलंच नाही. काका पाहुण्यांना तो कागद दाखवायचे. लांबून तो श्रावणातल्या माळासारखा दिसायचा.

टेस्टिंगला दोन नियम होते. पहिला कोर्सातला: खऱ्या लोकांची माहिती तपासणीसाठी वापरायची नाही. नियम चांगलाच आहे. त्यामुळे मी टाइप केलेल्या सात वह्या कुलूपबंद, त्यांना पाडव्यापर्यंत हात लावायचा नाही. दुसरा नियम कुठल्याही कोर्सात नसेल. तो आमच्या ऑफिसात आपोआप उगवला.

झालं असं की श्राद्धाचं सॉफ्टवेअर तपासायचं तर कोणीतरी गेलेलं लागतं. खरे गेलेले कुलपात. मग खोटं मारायचं कोणाला? इंजिनियरने पहिल्या दिवशी हसत हसत स्वतःचंच नाव टाकलं, आणि निरोपासाठी नंबर टाकला घरचा. दुपारी त्याच्या आईच्या फोनवर त्याच्याच श्राद्धाची आठवण पोचली. निरोप वेळेवर आणि शुद्ध मराठीत गेला होता, म्हणून ती तपासणी पास धरली. आईने काकांना फोन केला. ती काय बोलली ते काकांनी सांगितलं नाही, पण खुर्चीतून उठून बराच वेळ ‘हो वहिनी, हो वहिनी’ करत उभे होते. पुढचे पाच शनिवार इंजिनियर मारुतीला तेल वाहून उशिरा आला.

त्यानंतर कोणाचंही नाव टाकायचं नाही असं ठरलं. आमच्या मेलेल्यांची नावं झाली परीक्षा एक, परीक्षा दोन, परीक्षा तीन. पण त्यांना तरी कोणत्या तिथीला न्यायचं? काका म्हणाले, नाव नसलं म्हणून काय झालं, सकाळी सकाळी ऑफिसात अमावस्या नि वद्य चतुर्दशी असलं काही भरू नका, चांगल्या दिवसांनी सुरुवात करा. सुरुवात चांगल्या दिवसांनी झाली आणि मग तसंच चालू राहिलं; हाच तो दुसरा नियम. परीक्षा एक पाडव्याला वारले. परीक्षा दोन रामनवमीला. तीन अक्षय तृतीयेला, चार गुरुपौर्णिमेला, पाच गणेश चतुर्थीला, सहा दसऱ्याला. कोजागिरीला तर एवढे गेले की गावात साथ आली असावी. प्रत्येकाची तारीख इंजिनियर भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघायचा, ती बरोबर यायची, आणि एक हिरवा ठिपका वाढायचा. या ऑफिसातले लोक किती जपून वागतात, असंच मला वाटत होतं. मी मनोमन हात जोडले होते.

बाकी तपासण्यांत मी काही कसर ठेवली नाही. फोन आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला. नावाच्या जागी आकडे टाकले, आकड्याच्या जागी नाव. बटण एकदा दाबायचं तिथे दहादा दाबलं. इतकं लांब नाव टाकलं की ते पडद्याच्या बाहेर गेलं. फोनची बॅटरी संपत आलेली असताना बघितलं, नेट बंद करून बघितलं, काकांचा चष्मा लावून बघितलं. इंजिनियरने एक ओळ बदलली की मी पहिल्यापासून सगळं पुन्हा करायची, कारण एक जागा नीट करताना दुसरी बिघडते हे मी स्वतःच्या स्वयंपाकघरातही पाहिलं आहे. तो वैतागायचा. पण चार वेळा खरंच दुसरी बिघडलेली सापडली, तेव्हा त्याने मला ‘ताईजी’ म्हणायला सुरुवात केली. त्यात आदर किती आणि टोमणा किती ते मी तपासलं नाही.

किती तपासलं म्हणजे पुरे, यावर ऑफिसात तिघांची तीन मतं होती. इंजिनियरच्या मते कागद भरला की पुरे. काकांच्या मते पाडवा आला की पुरे, कारण लश्कर भागातला हॉल ठरला होता आणि प्रमुख पाहुण्यांनी होकार दिला होता. माझ्या मते कधीच पुरे नव्हतं, पण हे मी कोणाला सांगितलं नाही. तीन महिन्यांवर घेतलेल्या माणसाने ‘कधीच नाही’ हा शब्द जपून वापरावा. काकांनी मात्र एक गोष्ट केली होती. एका वेगळ्या कागदावर ‘तपासणी पूर्ण’ असं छापून खाली माझ्या सहीची जागा सोडली होती. अर्धवट नववीवाल्या बाईची सही झाल्याशिवाय सॉफ्टवेअर बाहेर जाणार नाही. हा विश्वास होता की दोष द्यायला सोय, याचा विचार मी रोज करायची. विश्वासच होता, हे आज मी सांगू शकते.

पाडव्याला आठ दिवस राहिले. कागदावर तीन चौकोन रिकामे होते आणि सण संपले होते. इंजिनियर म्हणाला काहीही भरा आणि बंद करा. मी विचार केला, माझे वडील. ते गुरुजींच्या वहीत नाहीत, म्हणजे पहिला नियम मोडत नाही. आणि ते खरंच गेलेले आहेत, म्हणजे कोणाचं अशुभ होत नाही. मी नववीत असताना ते गेले आणि माझी शाळा तिथेच राहिली. मार्गशीर्ष वद्य पंचमी. आमच्या घरी हे कोणी पंचांगात बघत नाही. गावच्या देवळात दत्तजयंतीचा पाळणा झाला की पाचव्या दिवशी वडिलांचं श्राद्ध, इतकं साधं आहे.

मी तिथी भरली. पडद्यावर मागच्या वर्षीची तारीख आली, पुढच्या वर्षीची आली. दोन्ही दत्तजयंतीच्या आधीच्या. थोड्याथोडक्या नाही, पंचवीस दिवस आधीच्या.

पहिल्यांदा मला वाटलं माझंच चुकलं. मला नेहमी पहिल्यांदा तेच वाटतं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. घरी गेले, फळीवरचे डबे उतरवले आणि त्यांच्याखाली अंथरलेलं मागच्या वर्षीचं मराठी कॅलेंडर काढलं. सासूबाई दरवर्षी गावाहून पाठवतात. त्यात दत्तजयंतीनंतर पाच दिवसांनी मार्गशीर्ष वद्य पंचमी होती. दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून ऑफिसात नेलं. ऑफिसात मिठाईच्या दुकानातून मिळालेलं हिंदी कॅलेंडर असतं, आणि जुनं त्याच खिळ्यावर नव्याच्या मागे. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. त्याच दिवशी, त्याच चौकोनात, हिंदी कॅलेंडरात लिहिलं होतं पौष कृष्ण पंचमी.

दोन्ही कॅलेंडरं बरोबर होती. आमचा महिना अमावस्येला संपतो आणि इथल्या हिंदी घरांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचे पंधरा दिवस दोघांच्याही महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्ष लागला की आमचा मार्गशीर्ष तो त्यांचा पौष. इंजिनियरने पंचांगाचा तक्ता नेटवरून आणला होता, तो हिंदी. वह्या गुरुजींच्या, त्या मराठी. वद्यात गेलेल्या प्रत्येक माणसाची आठवण एक महिना आधी येणार होती. आणि आम्ही तपासलेला एकूण एक सण शुद्ध पक्षातला. जिथे दोन्ही पंचांगांचं जमतं, नेमक्या त्या पंधरा दिवसांत आम्ही आमचे सगळे मेलेले नेऊन ठेवले होते, आणि तेसुद्धा अशुभ नको म्हणून.

मी हिरवा ठिपका बोटावर घेतला. खोटं कशाला सांगू, घेतला होता. पाडव्याला सात दिवस, सही केली की ‘ठेवायचं’, नाही केली की ‘की कसं’. मुलीच्या वर्गशिक्षिकेने नुकतीच तिला पहिल्या बाकावर बसवली होती, तेही डोळ्यांपुढे आलं. ठिपका बोटालाच चिकटून राहिला आणि मी तशीच इंजिनियरच्या टेबलाशी गेले.

त्याने दोन्ही कॅलेंडरं बघितली. बराच वेळ बघितली. मग दार लोटून घेतलं.

“ताई, हे आत्ता सांगताय?”

मी म्हटलं, मला आत्ता कळलं.

“तक्ता बदलायचा मतलब सगळं पुन्हा. सात दिवसांत नाही होणार. तुम्ही सही करून टाका. पाडव्यानंतर पंधरा दिवस शुद्धच आहे ना, कोणाला काही दिसणार नाही. तोवर मी करून घेतो.”

जागेवरून उठायच्या आधी मी हेच गणित केलं होतं, त्यामुळे उत्तर तयार होतं. निरोप पंधरा दिवस आधी जातो. म्हणजे पाडव्याच्याच दिवशी वद्यातले निरोप सुरू होणार. ज्यांची तिथी चैत्र वद्यात आहे त्यांचा फोन गप्प राहणार, कारण सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ती होऊन गेली. आणि ज्यांची वैशाख वद्यात आहे त्यांना महिनाभर आधीच तयारीला लागा म्हणून सांगणार. लोक त्या दिवशी रजा काढून येतील, स्वयंपाक करतील, पान वाढतील. चुकीच्या दिवशी.

तो म्हणाला, “सही नाही केली तर काका पहिल्यांदा कोणाला विचारतील, माहीत आहे ना?”

माहीत होतं. त्याने मला धमकी दिली नव्हती, मला रोज जे वाटायचं तेच बोलून दाखवलं होतं. मी सही न करता तो ‘तपासणी पूर्ण’चा कागद काकांपुढे ठेवला आणि दोन्ही कॅलेंडरं त्याच्यावर.

काका उठले. स्वतः कम्प्युटरशी बसले, आधी आपल्या वडिलांची तिथी भरली. चैत्र शुद्धातली, बरोबर आली. त्यांचा चेहरा जरा सुटला. मग आईची भरली. ती भाद्रपद वद्यातली. पडद्याकडे बघत राहिले, कारण आईची तिथी पितृपंधरवड्यात येते हे त्यांच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं, आणि पडद्यावर गणपतीसुद्धा बसले नव्हते. पुरोहितांच्या घराण्यातला माणूस, तीन महिने त्याच खोलीत बसून होता, आणि आईची तिथी भरून बघावी असं त्याच्या मनात आलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी कॅलेंडर घडी करायला घेतलं.

गुरुजींना बोलावलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी ई-रिक्षातून पहिली वही मांडीवर घेऊन आले. पहिला नियम काकांनी स्वतःच गुंडाळला. गुरुजींच्या वह्या, गुरुजी समोर, त्यांची परवानगी आहे म्हणाले. गुरुजी एकेक तिथी वाचत गेले, मी भरत गेले आणि आलेली तारीख मोठ्याने सांगत गेले. शुद्धातली असली की ते मान हलवायचे. वद्यातली असली की नुसते माझ्याकडे बघायचे. दोन पानं झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि भिंतीवरचा हिरवा कागद काय आहे ते विचारलं. इंजिनियरने सांगितलं.

गुरुजी म्हणाले, “दहाव्याला कावळा शिवला नाही, की लोक काय करतात ठाऊक आहे? थोडा वेळ थांबतात. ऊन चढायला लागतं, जेवणं खोळंबतात. मग मीच दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतो आणि शिवला म्हणतो. हा तुमचा कागद तसला आहे. कावळा तुम्ही केला आणि शिववलाही तुम्हीच.”

काका हसले नाहीत. इंजिनियरही नाही. पण तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता, आणि जे बोलला त्यात खोट नव्हती. तो म्हणाला, ठीक आहे, तक्ता मी चुकीचा आणला. पण दीड महिना हिरवा ठिपका कोण चिकटवत होतं? ताईंना मार्गशीर्ष माहीत होता ना, वह्या त्यांनीच टाइप केल्या ना, मग हे पहिल्या आठवड्यात का नाही सापडलं?

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हो, खरं आहे. मी फोन आडवा धरून बघितला होता, काकांचा चष्मा लावून बघितलं होतं, पण मेलेल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकही खरोखरीचा मेलेला घालून बघितला नव्हता. सांगितलेल्या यादीबाहेर पाऊल टाकायची माझी हिंमत झाली नव्हती. केवळ यादी संपली म्हणून ते पाऊल पडलं.

काकांनी दोन निर्णय दिले. पाडव्याचा कार्यक्रम होणार, कारण हॉल आणि पाहुणे दोन्ही आता परतवता येत नव्हते. आणि माझे तात्पुरते महिने आणखी तीन. काढणार नाही, पण ठेवलंही म्हणणार नाही. “तुम्ही नाही सांगितलं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं,” ते म्हणाले, “पण हा पण गलत नाही बोलून राहिला.” घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे आता तुझंच टेस्टिंग वाढवलं. मला राग आला नाही. आषाढापर्यंत खोली टिकली होती.

पाडव्याला प्रमुख पाहुण्यांनी मंचावर एक लाल कळ दाबली, पडद्यावर फुलं उधळली गेली आणि सॉफ्टवेअर सुरू झाल्याचं जाहीर झालं. कळ कशालाच जोडलेली नव्हती. फुलांची फीत इंजिनियर पडद्यामागून सुरू करणार होता. ती कळ मात्र मी आदल्या दिवशी पन्नासदा दाबून तपासली होती, आणि त्या समारंभात पूर्ण तपासलेली तेवढी एकच वस्तू होती. लोकांनी श्रीखंड खाल्लं. फोनवर कधी येणार असं काहींनी विचारलं. काका म्हणाले, बस, लवकरच.

पुढचे तीन महिने आम्ही मेलेले गोळा केले. मी काकांना विचारलं की ऑफिसातल्या प्रत्येकाने आपापल्या घरच्या गेलेल्यांच्या तिथ्या चिठ्ठीवर लिहून आणल्या तर चालेल का; आपले आपण दिले तर कोणाची चोरी नाही आणि कोणाचं अशुभही नाही. चालेल म्हणाले. इंजिनियरला आपल्या आजोबांची तिथी ठाऊक नव्हती. त्याने ऑफिसातूनच आजीला फोन लावला. तिथी पहिल्या मिनिटाला कळली, पण आजी अर्धा तास बोलत राहिली, आणि तो ‘हां आजी, हां आजी’ करत जिन्यात जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा चिठ्ठीवर एक नाही, अकरा तिथ्या होत्या. त्यातल्या आठ वद्यातल्या. त्याने स्वतः लाल ठिपक्यांचं पाकीट फोडलं.

तक्ता बदलल्यावर महिने जुळले, तर दुसरीच चूक वर आली: काही तारखा एका दिवसाने पुढे. गुरुजी म्हणाले, श्राद्धाला तिथी दुपारची बघायची असते, तुम्ही सूर्योदयाची धरलीत. महिन्याची मोठी चूक होती तोवर दिवसाची छोटी तिच्या पदराखाली लपून बसली होती. तीही काढली. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. या वेळी इंजिनियर वैतागला नाही. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि स्वतःच विचारायचा, ताई, अजून कसं बिघडवता येईल?

आषाढात काकांनी तो जुना कागद पुन्हा पुढे केला. ‘तपासणी पूर्ण’, खाली सहीची जागा. विचारलं, आता तरी पुरे ना.

मी पेन घेतलं आणि ‘पूर्ण’ या शब्दावर काट मारली. कागद पलटून मागे लिहायला लागले. काय काय तपासलं, कोणकोणत्या तिथ्या, किती घरच्या. ते अर्ध्या पानात संपलं. मग खाली लिहिलं, काय तपासलेलं नाही. अधिक महिन्यात गेलेल्यांचं काय, ते नाही. गुरुजींना विचारलं तर ते दोन तास बोलले आणि शेवटी त्यांचे बंधू वेगळं सांगतात म्हणाले. परदेशात गेलेल्यांची तिथी तिथली धरायची की इथली, ते नाही. घरातून निघून गेले आणि परत आलेच नाहीत, त्यांचं नाही. एकाच घरात एकाच तिथीला दोघं असतील तर निरोप एक जातो की दोन, ते नाही. यादी माझ्याच हाताने लांबत होती आणि प्रत्येक ओळ म्हणजे मी न केलेलं काम. खाली सही केली आणि कागद काकांपुढे सरकवला.

त्यांनी चष्मा उतरवून, अगदी डोळ्यांजवळ धरून मागची बाजू वाचली. दोनदा वाचली. इंजिनियर दारात उभा होता.

“हे सगळं नाही बघितलं?”

“नाही.”

“मग पाठवायचं की नाही?”

मी म्हटलं, “पाठवा. पण आपलं एवढंच बघून झालंय, हे घरोघरी सांगून पाठवा. या लोकांचं गुरुजींना विचारूनच करावं लागेल, असं तिथेच लिहा.”

काकांनी कागद टेबलावर सपाट केला. मग माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली, इंजिनियरला बोलावून त्याचीही घेतली, आणि कागद परत माझ्याकडे दिला.

“आजपासून चालू करतो. आणि तुम्ही उद्यापासून या मागच्या यादीला लागा. अधिक महिन्यापासून.”

मी बरं म्हणून जागेवर येऊन बसले. ते नेमकं काय बोलले हे मला संध्याकाळी कुलूप लावताना कळलं, आणि मी तिथेच पायरीवर बसून नवऱ्याला फोन केला. ठेवलं म्हणून सांगितलं.

“किती दिवसांसाठी?” त्याने विचारलं. तोही आता घाबरट झाला आहे.

“यादी मोठी आहे,” मी म्हटलं.